उसनं नाक

तळघरात टेबल होतं, खिडकी नव्हती.
दुकानात ओस्मुंडने मान हलवली : तिथे प्रोपेन नको.
हवेहून जड असतो तो.
गळला की पायऱ्या उतरून खाली जातो,
रुसलेल्या पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसतो
आणि ठिणगीची वाट बघतो.

मग ब्युटेन? हातात मावणारी डबी.
ती आमच्या खोऱ्यात ऑक्टोबरपर्यंतच कामाची.
पारा शून्याखाली गेला की ढिम्म;
हलवली तर आत नुसतं डुचमळतं.
ॲसिटिलीन? ज्योत झणझणीत,
पण पेटवताना काजळीची जळमटं छताला लोंबतात,
आणि तो उंच सिलिंडर साखळीने बांधावा लागतो
माजलेल्या बैलासारखा.
नळाचा गॅस आमच्या गावात कधी आलाच नाही.

एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली
ओत्रा नदीच्या काठाकाठाने, नाकासमोर.
आता साठी उलटल्यावर चांदी वितळवायची आहे :
मावशीच्या जाकिटाची तुटकी बटणं,
एक वाकडा चमचा,
एक कानातलं, ज्याचा जोडीदार कुठल्यातरी लग्नात हरवला.

उणे वीसला प्रोपेन कुरकुरत नाही.
ठरलं. अकरा किलोचा सिलिंडर
भिंतीबाहेर, वळचणीला. रेग्युलेटर. लाल नळी.
टेबल वर नेलं, लाकडांच्या कोठीत;
तिला दारं दोन आणि फटी शंभर.

पावती फाडताना ओस्मुंड म्हणाला,
काळजी नको, याला मुद्दाम घाण वास लावलेला असतो,
सडक्या कोबीचा. गळला तर कळतंच.
मी सुट्टे पैसे पुन्हा मोजले.
चार वर्षांपूर्वी एका तापाने माझं नाक नेलं.
म्हणजे आहे जागच्या जागी, चष्मा त्यावरच बसतो.
पण कॉफी, करपलेलं दूध, ओला कुत्रा :
सगळी हवाच.

साबणाचं पाणी लावून सांधे बघितले. बुडबुडा नाही.
जमिनीलगत अलार्म बसवला.
तरी रात्री डोळे उघडेच.

शेजारी ब्युग. कुंपण दोन वीत कुणी सरकवलं
यावरून नऊ वर्षांचा अबोला.
रस्त्यात भेटलो तर दोघंही आभाळ बघतो.
गुरुवारी त्याच्या दारात उभी राहिले.
म्हणाले, तुझं नाक हवंय. तासभर.
त्याने दार आपटलं नाही.
टोपी शोधायला आत गेला.

ओंडक्यावर बसून त्याने चारी दिशांना हुंगलं.
"काही नाही."
नऊ वर्षांतले पहिले दोन शब्द.

ज्योत आधी पिवळी, आळशी;
हवेचं भोक उघडल्यावर निळी होऊन गरजली.
मुशीत चिमूटभर टाकणखार.
बटणं काळवंडली, मग कडेने वाकली,
मग एकमेकांत शिरली, आणि एक गोळा
आरशासारखा थरथरायला लागला.
समुद्रफेसाच्या साच्यात तो ओतला.

ब्युग ताडकन उठला.
माझा हात चावीवर : गॅस?
"नाही, नाही. थांब."
मग कसला?
बोलणं हा त्याचा प्रांत नव्हे. जॉनसनी टोपी हातात पिळत उभा राहिला
जणू फळ्यापुढे बोलावलेलं पोर.
"ओहोटीनंतर धक्क्यावर
कुणी जुनी जाळी पेटवली तर... तसा.
जळक्या केसांचा. आणि त्यामागे,"
खूप वेळ गेला,
"दप्तरात विसरलेल्या माशाचा. उन्हाळ्याच्या सुट्टीभर."

मला तो आला नाही. पण बसची मागची बाकं दिसली.

बाहेर जाऊन आधी सिलिंडर बंद केला,
नळीतला उरलेला गॅस जळू दिला.
साचा उघडला : बटण आलं होतं, एक कड खाऊन.
त्याने ते उजेडात धरलं, बरं-वाईट काही बोलला नाही.
कुंपणापाशी पोचल्यावर मात्र वळून ओरडला,
"तुझ्या लाकडांत उंदीर मेलाय. डावीकडे.
चार दिवस तरी झाले असतील."